हेल्मेटची पारख आणि हेल्मेटचे आयुष्य
दुचाकी वापरणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

ज्या घरात दुचाकी आहे त्या घरात बहुधा हेल्मेटही असते. दाराजवळच्या खुंटीला, कपाटाच्या माथ्यावर किंवा गाडीच्या आरशावर ते अडकवलेले दिसते. परंतु हे हेल्मेट कोणत्या वर्षी घेतले, त्याच्या आतल्या लेबलावर काय लिहिले आहे आणि गेल्या पावसाळ्यात गाडी घसरली तेव्हा ते डोक्यावर होते की नव्हते, असे विचारले तर उत्तर चटकन मिळत नाही. हेल्मेट आहे एवढ्यावरच आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात निकृष्ट, सैल किंवा कालबाह्य हेल्मेट दंडापासून वाचवील, पण मेंदूला वाचवील याची शाश्वती नाही. खरे हेल्मेट कसे ओळखावे, ते डोक्याला नीट बसते की नाही हे कसे पाहावे आणि ते केव्हा बदलावे, याची माहिती प्रस्तुत पत्रकात दिली आहे.

प्रश्न किती गंभीर आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. यांत ३५,६९२ चालक होते आणि १४,३३७ मागे बसलेले होते. हा शेवटचा आकडा विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मागे बसणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते: पत्नी, आई, मुलगा, शेजारी किंवा सहकारी.

जगभरातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे आढळले आहे की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला दुखापत होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हा लाभ मिळण्यासाठी हेल्मेट प्रमाणित असावे लागते, मापाचे असावे लागते आणि त्याचा पट्टा बांधलेला असावा लागतो.

हेल्मेट डोक्याचे रक्षण कसे करते?

हेल्मेटचे चार भाग असतात. बाहेरचे कठीण कवच, त्याच्या आत थर्माकोलसारखा दिसणारा पॉलिस्टायरीनचा जाड थर, त्याच्या आत डोक्याला टेकणारे मऊ कापडी अस्तर आणि हनुवटीखाली बांधावयाचा पट्टा. पुष्कळांचा असा समज असतो की रक्षण बाहेरचे कवच करते. कवचाचे काम आहे टोकदार वस्तूला आत शिरू न देणे आणि आघात मोठ्या भागावर पसरवणे. आघाताची शक्ती शोषून घेण्याचे मुख्य काम मात्र आतला पॉलिस्टायरीनचा थर करतो. तो चिरडला जातो आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबण्यासाठी थोडे अंतर मिळवून देतो.

या थोड्याशा अंतराचे महत्त्व एका साध्या हिशेबाने पटेल. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके साधारण ज्या उंचीवर असते तेथून, डोके खाली पडले तर जमिनीशी त्याचा वेग ताशी १९ ते २० किलोमीटर असतो. उघडे डोके डांबरी रस्त्यावर आदळले आणि त्याला थांबायला जेमतेम ३ मिलिमीटर मिळाले, तर त्यावर पडणारा ताण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट भरतो. तेच डोके हेल्मेटमधल्या थरामुळे २५ मिलिमीटर अंतरात थांबले, तर ताण सुमारे ६० पटींवर येतो. १५०० मिलिमीटरला ३ ने भागा आणि २५ ने भागा. उत्तर समोर येईल. गाडी उभी असताना तोल जाऊन पडणाऱ्या माणसालाही हा हिशेब लागू आहे. “मी हळू चालवतो” किंवा “कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जायचे आहे” या सबबींना म्हणूनच वैद्यकीय आधार नाही.

मेंदू कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. डोके एकाएकी थांबले तरी मेंदू पुढे सरकत राहतो, कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो आणि काही वेळा उलट दिशेने परत येऊन दुसऱ्या बाजूवरही आपटतो. त्वचेवर एक ओरखडा नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो, तो यामुळेच.

एकदा चिरडलेला पॉलिस्टायरीनचा थर मूळ जाडीवर परत येत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. हेल्मेट कधी बदलावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका गोष्टीत आहे.

मानक म्हणजे काय आणि खूण कोठे पाहावी?

दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस ४१५१ हे मानक ठरवले आहे. या मानकानुसार हेल्मेटचे नमुने उष्णता, थंडी आणि ओलावा यांत ठेवून मग त्यांवर आघात केला जातो. टोकदार वस्तू आत शिरते का, दाबाने कवच वेडेवाकडे होते का, झटक्याने पट्टा तुटतो किंवा हेल्मेट डोक्यावरून निसटते का, हेही तपासले जाते. लडाखची थंडी, राजस्थानचा उन्हाळा आणि कोकण-केरळचा पाऊस ज्या देशात आहे, त्या देशात अशा चाचण्यांना मोठा अर्थ आहे.

केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. असे चिन्ह नसलेल्या हेल्मेटचे उत्पादन आणि विक्री बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही केवळ “हेल्मेट” असे म्हटलेले नसून भारतीय मानक ब्युरोच्या मानकांनुसार असलेले हेल्मेट आवश्यक मानले आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना या कलमातून सूट आहे. कलम १९४-घ नुसार हेल्मेट न घातल्यास एक हजार रुपये दंड होतो आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरू शकतो.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. आयएसआय चिन्हाच्या वरच्या बाजूस “आयएस ४१५१” हा मानकाचा क्रमांक असावा. बांधकामावरच्या कामगारांच्या हेल्मेटचे मानक वेगळे आहे. ते हेल्मेट किंवा क्रिकेटचे हेल्मेट दुचाकीसाठी चालत नाही.

२. चिन्हाच्या खालच्या बाजूस “सीएम/एल” या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असावा. भारतीय मानक ब्युरोच्या “बीआयएस केअर” या मोबाइल ॲपमध्ये हा क्रमांक घातल्यास उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे कळते. ॲपमधले नाव आणि हेल्मेटवरचे नाव जुळले पाहिजे. हा पडताळा दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करावा.

३. आतल्या लेबलावर उत्पादनाचा महिना व वर्ष आणि हेल्मेटचे माप शोधावे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले हेल्मेट सवलतीत मिळाले तरी घेऊ नये.

४. आतले अस्तर थोडे बाजूला करून पॉलिस्टायरीनचा थर खरोखर आहे का, हे पाहावे. पदपथावर अत्यंत कमी किमतीत मिळणाऱ्या अनेक हेल्मेटांत कवचाखाली नुसता पातळ स्पंज असतो. बोटाने दाबताच स्पंज सपाट होतो. आघातातही तेच होते.

५. पावती अवश्य घ्यावी. चिन्ह बनावट असल्याची शंका आल्यास “बीआयएस केअर” ॲपवरूनच तक्रार नोंदवता येते.

नवीन दुचाकी विकत घेताना उत्पादकाने प्रमाणित हेल्मेट पुरवावे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ मध्ये आहे. गाडी ताब्यात घेताना त्याची मागणी करावी. ते आपल्या डोक्याच्या मापाचे आहे की नाही, हेही तेथेच पाहावे.

आपल्याच डोक्याचे माप

शिंप्याच्या टेपने भुवयांच्या सुमारे अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या सर्वांत उंचवट्याच्या भागावरून घेर मोजावा. हेल्मेटवर हे माप ५८० किंवा ६०० असे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. त्यानंतर हेल्मेट घालून तीन परीक्षा कराव्यात.

पहिली परीक्षा: हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे. गालांची व कपाळाची त्वचा हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरले तर ते मोठे आहे.

दुसरी परीक्षा: पट्टा बांधावा. हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे मावतील एवढीच जागा असावी. मग मागच्या कडेला हात लावून हेल्मेट पुढे ढकलावे. ते डोळ्यांवर उतरले किंवा निघून आले, तर अपघातातही ते निघून जाईल.

तिसरी परीक्षा: दहा-पंधरा मिनिटे हेल्मेट डोक्यावर ठेवावे. नवे हेल्मेट थोडे घट्ट वाटते, कारण अस्तर वापराने दबते. परंतु कपाळावर एकाच ठिकाणी ठणका लागत असेल तर दुसरा आकार घ्यावा.

उंच अंबाडा, वर बांधलेली पोनी किंवा केसांतला मोठा चिमटा यांमुळे हेल्मेट पुढे झुकते आणि मागची बाजू उघडी राहते. दुचाकीवर जाताना केस मानेपाशी सैल वेणीत बांधावेत. पदर आणि ओढणी चाकात जाणार नाही, अशी खोचून घ्यावी. शक्य असेल तेथे संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट निवडावे. अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा, दात आणि नाक उघडेच राहतात.

हेल्मेट केव्हा बदलावे?

*अपघातानंतर, लगेच.* हेल्मेट डोक्यावर असताना त्यावर जोराचा आघात झाला असेल, तर बाहेर एकही तडा दिसत नसला तरी ते बदलावे. कवच लवचीक असल्याने पूर्वस्थितीत येते; आतला थर येत नाही. पुढच्या वेळी आघात त्याच जागी झाला, तर तेथे शोषून घेण्यास काहीच उरलेले नसते. “एवढे मोठे पडलो, पण हेल्मेटला काही झाले नाही” असे आपण समाधानाने सांगतो. त्याने आपले काम एकदा चोख केले, एवढाच त्याचा अर्थ आहे.

*पाच वर्षांनी, अपघात झाला नसला तरी.* हेल्मेटांच्या सुरक्षिततेसाठी १९५७ पासून काम करणाऱ्या अमेरिकेतील स्नेल या प्रतिष्ठानाने नित्य वापरातले हेल्मेट पाच वर्षांनी बदलावे, अशी शिफारस केली आहे. घाम, केसांचे तेल, सौंदर्यप्रसाधने आणि रोजची घासाघीस यांमुळे अस्तर, डिंक आणि आतला थर यांची झीज होत जाते. आपल्याकडे केसांना तेल लावण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि वर्षातले कित्येक महिने घामाचे असतात. तेव्हा पाच वर्षे ही मुदत लांबवू नये. रोज दिवसभर गाडीवर असणाऱ्यांनी, उदाहरणार्थ घरपोच वस्तू पोहोचवणाऱ्यांनी, दर सहा महिन्यांनी हेल्मेट तपासावे आणि झीज दिसताच पाच वर्षांची वाट न पाहता बदलावे.

*सैल झाल्यावर.* अस्तर दबून हेल्मेट डोक्यावर फिरू लागले, तर त्याचे माप आता आपले राहिलेले नाही. अस्तर बदलून मिळत असेल तर मूळ उत्पादकाचेच बसवावे. खाली रुमाल कोंबून सैलपणा भरून काढू नये.

*पट्टा किंवा बक्कल बिघडल्यावर.* पट्ट्याचे धागे उसवणे, रिव्हेट हलणे, बक्कल “टक्” असा आवाज न करता बसणे किंवा ओढल्यावर सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास ते हेल्मेट वापरू नये. पट्ट्यावाचून हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेली टोपी.

*रसायने किंवा अतिउष्णता लागल्यावर.* पेट्रोल आणि थिनर यांनी पॉलिस्टायरीन विरघळते. रंगाचे फवारे आणि काही चिकटपट्ट्यांचा डिंक कवच कमजोर करू शकतो. गरम सायलेन्सरला टेकून ठेवलेले किंवा वितळल्याच्या खुणा दिसणारे हेल्मेट टाकून द्यावे.

*रिकामे हेल्मेट हातातून पडल्यास.* सीटवरून एकदा रिकामे पडल्याने आतला थर सहसा चिरडत नाही, कारण आत डोक्याचे वजन नसते. तरीही तडा, खोलगट खूण किंवा आतल्या थरात भेग आहे का, हे पाहावे. काही आढळल्यास किंवा ते बऱ्याच उंचीवरून पडले असल्यास बदलावे.

*काच खरवडली असल्यास.* केवळ काच बदलावी. समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश ओरखड्यांवर पसरतो आणि रात्री रस्ता दिसेनासा होतो. गडद काच रात्री वापरू नये.

निगा

हेल्मेट आरशाच्या दांड्यावर अडकवण्याची सवय सोडावी. दांड्याचे टोक आतल्या थरात रोज थोडा खड्डा पाडते. अस्तर निघणारे असल्यास ते साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. कवच ओल्या फडक्याने पुसावे. पावसाळ्यात ओले हेल्मेट डिकीत बंद करून ठेवू नये. त्याने बुरशी धरते, दुर्गंधी येते आणि टाळूला खाज सुटते. हेल्मेटने केस गळतात, अशी तक्रार चिकित्सालयात अनेकदा ऐकू येते. ओले केस, न धुतलेले अस्तर आणि घाम यांनी टाळूचा त्रास वाढू शकतो. त्यावर उपाय आहे केस कोरडे करून, पातळ सुती रुमाल किंवा टोपी खाली घालून हेल्मेट वापरणे. हेल्मेट सोडून देणे हा उपाय नव्हे.

जुने हेल्मेट कोणाला द्यावे?

कोणालाही नाही. नवे हेल्मेट आले की जुने धाकट्या भावाला, घरकामाला येणाऱ्या ताईंना किंवा मागे बसणाऱ्या माणसासाठी ठेवावे, असा विचार आपण सहज करतो. त्यामागे काटकसर असते, सद्भावनाही असते. परंतु जे हेल्मेट आपल्या डोक्यासाठी पुरेसे नाही, ते दुसऱ्याच्या डोक्यासाठीही पुरेसे नाही. अपघातग्रस्त किंवा कालबाह्य हेल्मेटचा पट्टा कापून टाकावा, कवचावर ठळक फुली मारावी आणि मगच ते टाकून द्यावे. म्हणजे कोणी उचलून पुन्हा विकणार नाही. याच कारणासाठी वापरलेले हेल्मेट विकतही घेऊ नये. त्याने कोणता आघात सोसला आहे, हे बाहेरून कळत नाही.

मागे बसणारे आणि मुले

चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, मग ती चालवत असो वा मागे बसलेली असो, हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळे नियम लागू आहेत. मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा असावा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाने डोक्याला बसणारे हेल्मेट घातलेले असावे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. मोठ्या माणसाचे हेल्मेट मुलाला घालू नये. त्याचे वजन कोवळ्या मानेवर पडते आणि ते जागेवर राहत नाही. मान न सावरणाऱ्या तान्ह्या बाळाला दुचाकीवरून नेणे टाळावे. लसीकरणासाठी येताना शक्य असल्यास दुसरे वाहन वापरावे.

अपघात घडल्यास

तत्काळ ११२ किंवा १०८ क्रमांकावर कळवावे. जखमी व्यक्ती श्वास घेत असेल आणि बोलत असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. मानेच्या मणक्याला इजा झालेली असू शकते. काच वर करावी, डोके व मान हलू देऊ नये आणि पाणी पाजू नये. श्वास थांबला असेल किंवा उलटीने गुदमरत असेल, तरच दोघांनी मिळून हेल्मेट काढावे. एकाने खालून मान व जबडा स्थिर धरावा. दुसऱ्याने पट्टा सोडून, दोन्ही बाजू थोड्या फाकवून हेल्मेट सावकाश वर ओढावे.

मदत करणाऱ्याला भीती बाळगण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-क नुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना निर्देशित रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात.

डोक्याला मार लागलेली व्यक्ती सुरुवातीला अगदी ठीक वाटू शकते आणि काही तासांनी खालावू शकते. म्हणून निदान २४ तास तिला एकटे सोडू नये. पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे: वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, जागे करूनही न जाणारी गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, हातापायांत अशक्तपणा, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणे, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे. रुग्णालयात जाताना हेल्मेट सोबत न्यावे. ते कोठे चिरडले आहे, हे पाहून आघाताची जागा व तीव्रता डॉक्टरांच्या लक्षात येते.

आज घरी करावयाची तपासणी

घरातली सर्व हेल्मेटे एकत्र मांडा आणि प्रत्येकासाठी हे प्रश्न विचारा:

आयएसआय चिन्ह, आयएस ४१५१ आणि परवाना क्रमांक आहे का?
उत्पादनाच्या तारखेपासून पाच वर्षे उलटली आहेत का?
हे हेल्मेट डोक्यावर असताना कधी अपघात झाला आहे का?
पट्टा आणि बक्कल नीट बसतात का?
हलवल्यावर ते डोक्यावर फिरते का?
दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकासाठी त्याच्या मापाचे हेल्मेट आहे का?

नवे हेल्मेट आणल्यावर त्याच्या आतल्या लेबलाजवळ खरेदीचा महिना आणि वर्ष न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने कडेला लहान अक्षरांत लिहून ठेवा. पाच वर्षांनी आठवणीवर विसंबावे लागणार नाही. आणि गाडी सुरू करण्यापूर्वी मागे वळून एकदा पाहा: मागच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना, आणि त्याचा पट्टा बांधला आहे ना?